मोटारसायकलला झेंडा लावताना रंग कसा जपावा?
रायगडच्या सफरीसाठी गाडीला भगवा लावताना रंगावर ओरखडे पडू नयेत, ही आपली काळजी रास्त आहे. काठी रंगीत पत्र्याला टेकूच देऊ नये. मागच्या कॅरिअरच्या नळीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन वेढे गुंडाळून त्यावर क्लॅम्प आवळावा. मात्र रंग खरा जातो तो फडफडणाऱ्या कापडामुळे, कारण त्याखाली अडकलेली धूळ पॉलिशपेपरसारखी घासते आणि वेग ४० वरून ८० झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. म्हणून झेंडा लहान व कडा दुमडून शिवलेला घ्यावा, आणि कापड मागच्या मडगार्डला किंवा सायलेन्सरला पोहोचत नाही ना, हे गाडी उभी असतानाच चारही बाजूंना ओढून पाहावे. तिरंगा मात्र लावू नये. ध्वजसंहितेनुसार वाहनावर तो लावण्याचा अधिकार ठरावीक पदाधिकाऱ्यांनाच आहे.