आधी पाण्याची वाट, मग विटांची

परसदाराबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी चार या वेळी घेतले आहेत. चारही सांगली-साताऱ्याकडचे आहेत.

प्रश्न : घरामागं 20 × 15 फूट जागा आहे, माती काळी. आठ वर्षांपूर्वी केलेला सिमेंटचा कोबा सगळीकडं तडकलाय, मध्येच उचललाय. पावसाचं पाणी घराच्या भिंतीकडंच येतं. हाताशी 25 हजार रुपये आहेत. गवंडी म्हणतो, जुन्यावरच तीन इंचांचा नवा कोबा टाकू. टाकावा का?
— वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : टाकू नका. खालची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा पातळ थर तिच्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून तो तुटला आहे. सिमेंट चांगलं असतं तरी तुटलाच असता. नव्या कोब्यातूनही तेच तडे वर येतील. शिवाय अंगण तीन इंच वर आल्यानं पाणी उंबऱ्याच्या आणखी जवळ येईल ते वेगळंच.

सगळी 300 चौरस फूट जागा नीट पाया घालून झाकायची तर 25 हजार पुरणार नाहीत, आणि तशी गरजही नाही. पाय पडतो तिथंच कडक जमीन हवी. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत तीन फूट रुंद, 15 फूट लांब वाट आणि 5 × 6 फुटांची धुण्याची जागा. म्हणजे 45 आणि 30, एकूण 75 चौरस फूट. बाकीची माती मोकळी राहू द्या.

कोबा फोडल्यावर राडारोडा टाकून द्यायला ट्रॅक्टर बोलावू नका, मुठीएवढे तुकडे करून बाजूला रचा. या 75 चौरस फुटांत एक फूट खोल खणा. निघालेली काळी माती उरलेल्या जागेत पसरली की साधारण चार इंच भरते, म्हणजे कोबा गेल्यानं पडलेला खड्डा आपोआप बुजतो. पसरताना भिंतीकडं जास्त, कुंपणाकडं कमी. 15 फुटांत तीन इंच उतार मिळाला पाहिजे. तो डोळ्यांनी ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी बघा.

खणलेल्या जागेत खाली चार इंच कोब्याचे तुकडे, वर चार इंच मुरूम. मुरूम दोन थरांत घाला आणि प्रत्येक थर ओला करून धुम्मसनं ठोकून घट्ट बसवा. मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये, इतकाच ओला. सुक्या मुरमावर धुम्मस आपटणं म्हणजे मजुरी वाया. अर्धा ब्रास, म्हणजे 50 घनफूट मुरूम पुरेल. थोडा तुकड्यांच्या फटींत जातो, थोडा दबतो. ट्रॉली रिकामी होण्यापूर्वी तिची लांबी, रुंदी आणि भराव्याची उंची टेपनं मोजा. ‘एक ट्रॉली’ हे माप नव्हे.

आणि इथं थांबा. हे काम मेअखेर उरकून मुरमाला एक पावसाळा खाऊ द्या. कुठं खचतंय, कुठं पाणी थांबतंय ते आपोआप दिसेल. विटा दिवाळीनंतर लावा. भेगाळलेल्या जमिनीवर मे महिन्यातच विटा बसवल्या तर जुलैत त्यांची लाट होते. तोवर निम्म्याहून जास्त पैसे जमिनीखाली गेलेले असतील आणि शेजाऱ्यांना दाखवायला काहीच नसेल, याची तयारी ठेवा.

वाटेला मुरमावर एक इंच क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि त्यावर आडव्या विटा. नऊ बाय चारची वीट चौरस फुटाला चार लागते, म्हणजे 180. दोन्ही कडांना उभ्या विटा सिमेंटमध्ये पक्क्या करा, त्या 40. तूटफूट धरून 240 आणा. कड पक्की नसेल तर वाळू बाजूनं निसटते आणि वीट डुगडुगते. घेताना दोन विटा एकमेकींवर आपटा, आवाज खणखणीत हवा. एक वीट रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी कोपरे हातानं सुटले तर ती कच्ची आहे, अंगणात पहिल्याच पावसाळ्यात तिचे पोपडे निघतील.

धुण्याच्या जागी वीट नको, शेवाळ धरते. तिथं त्याच भरावावर दोन इंच सिमेंट-वाळूचा मसाला पसरून शहाबादी फरशी बसवा, पाच फुटांत दीड इंच उतार देऊन. फरशीची खडबडीत बाजू वर ठेवा. बसल्यावर काठीनं ठोका. पोकळ आवाज आला तर लगेच उचलून पुन्हा बसवा, नाहीतर बादली आदळली की तिथंच फुटेल. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळं डाग काढायला ॲसिड ओतलं की तो फसफसतो आणि कायमचा खरबरीत होतो.

एक शेवटचं. भिंतीला लागून वाफे करू नका. काळ्या जमिनीत पायाशी रोज पाणी दिलं की तेवढीच माती फुगते आणि तडे घराच्या भिंतीला जातात. तीन फूट सोडा.

प्रश्न : चौघांचं घर, धुण्या-भांड्यांचं पाणी रोज 200 लिटर तरी निघतं. ‘नांदेड पॅटर्न’चा शोषखड्डा घ्यावा का?
— वाचक, मिरज

उत्तर : जमिनीला विचारून ठरवा. एक फूट खोल खड्डा खणून पाण्यानं भरा, जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरून तासाभरानं पातळी मोजा. इंचभरही उतरली नसेल तर शोषखड्ड्याचं नाव काढू नका. दगड भरलेला खड्डा पाणी ‘शोषत’ नसतो, शोषते ती भोवतालची जमीन. काळी माती भिजली की फुगून स्वतःच्याच फटी बुजवते, आणि खड्डा दोन-तीन महिन्यांत डासांची टाकी होतो. मुरूम लागला असेल तर खड्डा चालेल, पण घराच्या पायापासून दहा फूट आणि बोअरपासून 50 फूट लांब हवा. पाणी आत जाण्यापूर्वी साबणाचा गाळ अडवणारी छोटी टाकीही हवी.

काळ्या मातीत दहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर घ्या, उसाचं पाचट दाबून भरा आणि कडेनं केळी, कर्दळ, अळू लावा. पाचट सांगली भागात तोडणीच्या हंगामात मागितलं तर बहुतेक फुकट मिळतं. असे दोन चर करून पाणी आठवड्यानं आलटून-पालटून सोडा. एकाच चरात रोज सोडलं तर तो कुजतो, वास सुटतो. सहा महिन्यांनी पाचट बदला.

मशीनचं पहिलं, फेसाचं पाणी मात्र गटारातच जाऊ द्या, झाडांना खळबळल्याचं पाणी द्या. साबणातल्या सोडियमनं काळी माती चिकट होते, वाळली की दगडासारखी घट्ट, वर पांढरा थर. क्षारपड जमीन म्हणजे काय हे मिरज-वाळवा पट्ट्यात कुणाला सांगायला नको. लिंबू या पाण्यावर लावू नका.

प्रश्न : घर अजिंक्यताऱ्याच्या उताराला आहे. मागची जागा 15 फूट रुंद, आणि 12 फुटांत चार फूट उतरते. वर वीतभर माती, खाली मुरूम. दर पावसाळ्यात माती वाहून जाते. चार फुटांची एकच भिंत बांधायची का?
— वाचक, सातारा

उत्तर : दोन-दोन फुटांचे दोन बांध घाला. उंची दुप्पट झाली की मागच्या मातीचा रेटा चौपट होतो. चार फुटांच्या भिंतीला त्यामुळं इंजिनिअर लागतो, दोन फुटांचा बांध मात्र कोरड्या दगडात उभा राहतो आणि सहा-सहा फुटांचे दोन टप्पे मिळतात.

प्रत्येक बांधाचा पाया मुरमात नऊ इंच उतरवा. तळाशी रुंदी दीड फूट, माथ्यावर एक फूट, दर्शनी बाजू डोंगराकडं चार इंच कललेली. दर तीन फुटांवर बांधाच्या पूर्ण जाडीत जाणारा एक लांब दगड घाला. तो नसेल तर पुढची रांग सुटून पोट काढते. दोन्ही बांधांना मिळून साधारण एक ब्रास दगड लागेल, त्यातला काही खणताना निघेलच. मागं सहा इंच खडी भरा आणि खडी-मातीच्या मध्ये जुनं शेडनेट लावा. गोणपाट वर्षात कुजतं. सांध्यांत सिमेंट भरायचा मोह टाळा. पाण्याला वाट मिळाली नाही की बांध पाण्याच्या दाबानं ढकलला जातो.

वर नऊ ते बारा इंच पोयटा लागेल. तो उन्हाळ्यातच आणा, ढीग भिजवा आणि 15 दिवस काही लावू नका. मातीबरोबर लव्हाळा हे तण आलं असेल तर तेवढ्यात कोंब दिसतात. गाठीसकट खणून काढा. एकदा वाफ्यात शिरला की लव्हाळा तुमच्यापेक्षा जास्त दिवस तिथं राहतो. बांधाच्या माथ्यावर गवती चहा लावा.

प्रश्न : 2019 ला आणि 2021 लाही मागचं अंगण पुरात गेलं. आता त्यावर खर्च करावा की नको? दोडक्या-कारल्यासाठी मांडव तरी करायचा आहे.
— वाचक, सांगली

उत्तर : सिमेंटचं पक्कं काम नको. वाळूवर बसवलेल्या विटा पूर ओसरल्यावर उचलून, धुऊन पुन्हा लावता येतात. पुराचा गाळ ओला असताना तुडवू नका, तडकल्यावर पापुद्र्यांत उचला. शहरातल्या पुरात गटारंही मिसळतात, म्हणून त्या हंगामात तिथली कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं काही लावू नका.

मांडवाला तासगाव भागात काढून टाकलेल्या द्राक्षबागांचे लोखंडी अँगल भंगारात किलोवर मिळतात. आठ फुटांचे चार घ्या, दीड फूट गाडा, खड्ड्यात दगड ठोकून बसवा. सिमेंट घातलं तर काढता येणार नाहीत. वर तारेची जाळी एक-एक फुटाच्या चौकोनात ताणा आणि टोकं पिळून बांधा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची पातळी 40 फुटांकडं निघाली की कुंड्या, नळी, खताची पोती गच्चीवर हलवा. अँगल तिथंच राहू द्या.