सातेरीच्या पेटीत राणी दिसत नाही? आधी अंडी बघा

प्रश्न थोडक्यात असा: लातूरजवळ परसात सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, एकच पेटी आहे. करडईच्या फुलोऱ्यात आठ दिवसांपूर्वी मध काढला. तेव्हापासून माश्या चिडलेल्या आहेत, दोनदा सगळ्या फ्रेम (पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटी) बघूनही राणी सापडली नाही. नवी राणी कुठून मागवावी?

सध्या कुठूनच मागवू नका. सातेरीची राणी काळपट आणि भारी चपळ असते. फ्रेम उचलली की माश्या खालच्या कडेकडे पळतात, त्यांच्यासोबत तीही पळते, कधी पेटीच्या भिंतीवर जाते. धूर जास्त दिला तर पळापळ आणखी वाढते. शिवाय पेटीत नवी, अजून न फळलेली (नराशी मिलन न झालेली) राणी असेल तर ती कामकरी माशीपेक्षा फार मोठी दिसत नाही. अशा पेटीत विकतची राणी सोडली की माश्या तिला गराडा घालून मारतात आणि पैसे पाण्यात जातात. त्यात विकत मिळणारी राणी बहुधा मेलिफेराची, म्हणजे परदेशी पाळीव मधमाशीची असते. ती सातेरीच्या कामाची नाही, जातच वेगळी.

म्हणून अंडी बघा. सकाळी ऊन कोवळं असताना सूर्याकडे पाठ करा आणि फ्रेम अशी तिरपी धरा की उजेड खांद्यावरून थेट पोळ्यातल्या घराच्या तळाशी पडेल. अंडं दीडेक मिलिमीटरचं, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखं दिसतं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं म्हणजे काल-परवापर्यंत राणी होती. मग पेटी बंद करा आणि आठवडाभर हात लावू नका.

अंडी नसतील तर अळ्यांवरून दिवस मोजा. मध काढतानाच राणी चिरडली असेल तर आज आठव्या दिवशी एकही लहान अळी दिसणार नाही, फक्त मोठ्या अळ्या आणि बंद पिलावा (मेणाने झाकलेल्या घरांतली वाढती पिल्लं) असेल. आणि पोळ्याच्या मधोमध, कामकरीच्या घरावरच वाढवलेली, खाली लोंबणारी राणीघरं (नवी राणी वाढवायची मोठी घरं) दिसतील. तीही या वेळेपर्यंत बंद झालेली असतात. राणीघरं फक्त खालच्या कडेला असतील आणि माश्या एकदम निम्म्या झाल्या असतील, तर राणी मेली नाही, थवा घेऊन गेली.

राणीघरं असतील तर काम माश्यांनीच सुरू केलंय. एक मोठं, सरळ, चांगल्या पोताचं राणीघर ठेवा, जवळचं दुसरं राखीव म्हणून राहू द्या, बाकीची काढा. सातेरीत जास्त ठेवली तर लागोपाठ थवे निघतात आणि पेटीत मूठभर माश्या उरतात. फ्रेम झटकू नका, उलटी करू नका. आतली राणी त्यात दुखावते. टोकावरचं मेण खरवडलेलं दिसलं की राणी एक-दोन दिवसांत बाहेर येणार. टोक झाकणासारखं गोल कापलेलं असेल तर ती बाहेर आली. बाजूला भोक असेल तर तिला आतच मारलं.

राणी गेल्यापासून 11-12 दिवसांत नवी राणी बाहेर येते. पुढे आठवडाभरात दुपारच्या उन्हात फळायला उडते, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांनी अंडी घालते. म्हणजे एकूण तीन ते चार आठवडे धरा. या काळात सारखं झाकण उघडणं हाच सगळ्यात मोठा धोका.

आता आपल्याकडचा खरा अडसर: राणी फळायला नर लागतात. तूर ते करडई या काळात ते मिळतात. पेटीत नरांचा पिलावा आहे का पाहा. त्याची झाकणं फुगीर असतात आणि सातेरीत टोकाला बारीक छिद्र असतं. एप्रिल-मेमध्ये फुलोरा संपलेला असतो, नर कमी असतात, आणि माश्या टिपणारे वेडा राघू नि कोतवाल पक्षी टपलेलेच असतात. उन्हाळ्यात राणी गेली तर नवी राणी घडवायच्या भानगडीत न पडता पेटी दुसऱ्या सातेरी पेटीला जोडलेली बरी.

अंडी नाहीत आणि राणीघरही नाही, अशी स्थिती असेल तर ओळखीच्या सातेरीवाल्याकडून अंडी आणि लहान अळ्या असलेली एक फ्रेम आणा. माश्या झाडून घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा, ऊन लागू देऊ नका. ती मधोमध ठेवून चौथ्या दिवशी बघा. राणीघरं उभारली तर राणी नाही हे पक्कं, आणि उपायही तोच. नाही उभारली तर बहुतेक आत न फळलेली राणी फिरतेय, किंवा कामकरी माश्या अंडी घालू लागल्यात.

हा शेवटचा प्रकार सातेरीत फार लवकर होतो. एका घरात दोन-चार अंडी, तीही तळाशी न राहता भिंतीला चिकटलेली, आणि कामकरीच्या घरांवर विखुरलेली फुगीर झाकणं ही त्याची खूण. नवी फळलेली राणीसुद्धा सुरुवातीला कधी एका घरात दोन अंडी घालते, पण ती तळाशीच असतात. माश्या भरपूर असतील तर दर आठवड्याला उघड्या पिलाव्याची एक फ्रेम द्या, असं तीन आठवडे. पिलाव्याच्या गंधाने कामकरींची अंडी घालणं आटोक्यात येतं आणि पुढे त्या राणीघर उभारतात. दोनच फ्रेम माश्या उरल्या असतील तर खटाटोप करू नका, भरभक्कम पेटीला जोडा.

जोडताना दिवस मावळल्यावर राणीच्या पेटीवर वर्तमानपत्राचा एकच पदर अंथरा, टाचणीने आठ-दहा भोकं पाडा आणि वर बिनराणीची कोठी (पेटीचा फ्रेम असलेला कप्पा) ठेवा. माश्या कागद कुरतडत दोन-तीन दिवसांत एकमेकींत मिसळतात. उन्हाळ्यात वरच्या कोठीला हवा राहील एवढी फट ठेवा, नाहीतर त्या गुदमरतात.

हे सगळं मार्गी लागेपर्यंत, ज्या फ्रेम माश्यांनी झाकलेल्या नसतात त्या काढून घ्या, नाहीतर मेणकिडा शिरेल. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत असू द्या. खाद्य लागलंच तर साखर आणि पाणी समसमान, पाव लिटरच, संध्याकाळी आणि पेटीच्या आत. बाहेर सांडलं तर दुसऱ्या माश्या लुटायला येतात.