आजोबांच्या पेटीत सापडलेलं 'रोव्हर्स कप, कूपरेज, १९५८' असं तिकीट: ही कसली स्पर्धा होती आणि ती आता का होत नाही?

तिकिटावर १९५८ आहे हे वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. का ते पुढे येईलच.

रोव्हर्स कप ही मुंबईची फुटबॉल स्पर्धा. सुरुवात १८९१ साली. सिमल्याचा ड्युरँड कप तिच्यापेक्षा तीन वर्षांनी थोरला, कलकत्त्याची आयएफए शील्ड दोन वर्षांनी धाकटी. देशातल्या क्लबांसाठी दोन पिढ्या हीच तीन मोठी नावं होती. कूपरेज म्हणजे मंत्रालयापासून चालत पाच-सात मिनिटांवरचं मैदान. कंपनी सरकारच्या काळात तिथे लाकडी पिंपं बनायची, त्यावरून हे नाव पडलं. मुंबईत निम्म्या जागांची नावं अशी मेलेल्या धंद्यांवरून आलेली आहेत, त्यातलंच हे एक.

पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि पुढची पंचेचाळीसेक वर्षं गोऱ्या पलटणीच तो आलटूनपालटून नेत राहिल्या. हिंदी संघ त्यांच्या वाटेत आला तो १९२३ मध्ये. मोहन बागान कलकत्त्याहून आली, थेट अंतिम सामन्यात पोचली आणि तिथे डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरली. तेव्हा आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या जमिनीवर त्यात काही अडत नाही, उलट चेंडूवर पकड चांगली बसते. पण चिखल झाला की बूटवाल्यापुढे अनवाणी माणसाचं काय होतं, ते मुंबईच्या पावसात मैदानावर गेलेल्याला सांगायला नको.

पलटणींची मक्तेदारी मोडली १९३७ मध्ये, आणि ती मोडणारा संघ ना मुंबईचा होता ना कलकत्त्याचा. तो होता बंगळुरूचा 'बंगलोर मुस्लिम्स'. त्यांनी अंतिम सामन्यात हरवलं तेही कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगला, जी त्या वेळी कलकत्ता लीग ओळीने जिंकत होती. पुढच्या वर्षी पुन्हा बंगलोर मुस्लिम्सच. मोहमेडनला आपला रोव्हर्स कप १९४० साली मिळाला.

मग हैदराबादवाले आले. हैदराबाद सिटी पोलीस, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. १९५० ते १९५४, ओळीने पाच वेळा कप त्यांचा. रहीमसाहेब पेशाने शिक्षक. लांब चेंडू भिरकावून मागे धावण्यापेक्षा छोट्या पासने खेळ बांधायचा, ही त्यांची शिकवण. त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. म्हणजे पन्नाशीच्या दशकात तुमचे आजोबा कूपरेजवर जाऊन बसत असतील, तर भारतीय फुटबॉलचा सगळ्यात चांगला काळ ते तिकीट काढून समोर बघत होते. हैदराबाद पोलिसांचा संघ १९५७ मध्ये रोव्हर्स पुन्हा जिंकला. पुढे आंध्र पोलीस या नावानेही जिंकत राहिला.

आता तुमचं १९५८. त्या वर्षी कप जिंकला कॅलटेक्सने. पेट्रोल विकणारी कंपनी, तिचा मुंबईतला संघ. आणि त्या संघात होता नेव्हिल डिसोझा: मूळचा गोव्यातल्या आसगावचा, घडला मुंबईत. दोनच वर्षांपूर्वी मेलबर्नला त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले होते, ऑलिंपिकमध्ये असं करणारा पहिला आशियाई खेळाडू. ही स्पर्धा मुंबईची असूनही मुंबईच्या संघांनी ती जिंकल्याची वर्षं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. तुमच्या हातात त्यातल्या एका वर्षाचं तिकीट आहे.

माझं स्वतःचं रोव्हर्स ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचं. मी गिरगावचा. मामा ऑफिसातून परस्पर मैदानावर यायचे, मी चर्चगेटहून चालत. सामन्यापेक्षा मला आजूबाजूची माणसं जास्त आठवतात. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल असली की झवेरी बाजारातले बंगाली कारागीर हातातलं काम टाकून यायचे. मोहमेडन असली की मदनपुऱ्याकडची गर्दी. धेंपो किंवा साळगावकर असली की धोबीतलावच्या कूडांमधले गोंयकार. कूड म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या गोव्याच्या लोकांनी गावागावाच्या नावाने चालवलेल्या राहण्याच्या जागा. आमच्या शेजारी एकदा असाच एक म्हातारा बसला होता. शेंगदाण्याची पुडी मांडीवर, सोलायची आणि टरफलं जपून परत त्याच कागदात भरायची. धेंपोच्या बचावपटूने चेंडू बाहेर मारला की हा तोंडातल्या तोंडात कोंकणीत काहीतरी पुटपुटायचा. मामा मला म्हणाले, अर्थ विचारू नकोस. अर्ध्या तासाने गोल झाला, म्हातारा ताडकन उठला आणि तासभर सांभाळलेली टरफलं पुढच्या माणसाच्या डोक्यावर.

इतकं सगळं बघूनही आम्ही स्वतः कोणाच्या बाजूने होतो, हे मला आज सांगता येत नाही. कधी या, कधी त्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे 'बंद का पडली' याचं, माझ्या मते खरं उत्तर इथेच आहे.

लोक सांगतात ती कारणंही खोटी नाहीत. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. मोठ्या क्लबांचा हंगाम तिनेच भरून गेला आणि महिना-महिना चालणाऱ्या जुन्या स्पर्धांना तारखा उरल्या नाहीत. मुंबईत संघ चालवायच्या त्या गिरण्या आणि कंपन्या. खेळाडूला नोकरी द्यायची, दुपारनंतर सरावाला सोडायचं, अशी ती पद्धत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचं काय झालं ते आपण जाणतोच. कंपन्यांनीही हळूहळू हात आखडते घेतले. क्रिकेटला दोष द्यायचीही फॅशन आहे, पण क्रिकेट तर कूपरेज भरत होतं तेव्हाही शेजारच्या ओव्हलवर चालूच होतं. शेवटची स्पर्धा २०००-०१ ची, जिंकली मोहन बागानने. त्यांचा तो चौदावा रोव्हर्स कप, एवढे कोणाकडेच नाहीत.

पण लीग आल्यावर ड्युरँड मेली नाही, कारण तिच्यामागे लष्कर उभं आहे. शील्ड रखडत का होईना टिकली, कारण कलकत्त्याला ती आपल्या घरातली वस्तू वाटते. रोव्हर्सच्या वेळी मुंबईने मैदान दिलं, प्रेक्षक दिले, यजमानपण नीट केलं. आणि कप दरवर्षी पाहुण्यांबरोबर गाडीत बसवून दिला. तो येईनासा झाला तेव्हा कोणाच्या गल्लीत सुतक पडलं नाही.

कोल्हापूरला जाऊन बघा, फरक लगेच कळेल. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा हे संघ तालमींचे, म्हणजे पेठेचे. खेळणारा पोरगा समोरच्या बोळातला असतो आणि शाहू स्टेडियमवर त्याची आजीसुद्धा निकाल विचारते. तिथली स्पर्धा एखाद्या वर्षी झाली नाही तर संयोजकांना रस्त्यातून चालणं मुश्कील होईल. मुंबईत मदनपुरा, धोबीतलाव, झवेरी बाजार आपापल्या गावाच्या संघासाठी यायचे, आणि गिरगाव, परळ, दादर नुसतं बघायला. कॅलटेक्सचा कप दादरचा झाला नाही, तो कॅलटेक्सचाच राहिला. म्हणून मला वाटतं, १९५८ ला मैदानावर कोणीतरी 'आपली मुंबई जिंकली' म्हणून नाचलं असेल का, हे तुमच्या आजोबांना विचारायला हवं होतं.

कूपरेज आहे अजून. आता कृत्रिम गवत आहे, स्थानिक सामने होतात. मंत्रालयात काम निघालं तर डोकावून या.

आणि एक विनंती. तिकिटाचा दर आणि स्टँडचं नाव वाचता येत असेल तर कमेंटमध्ये टाका. फोटो काढताना ते सपाट करायला इस्त्री मात्र फिरवू नका. आमच्या मामांची दोन तिकिटं मी तशीच घालवली आहेत.