खडकीच्या वॉर सिमेट्रीत सगळे गोरेच आहेत ना? मग आपण तिथे जाऊन कोणाला आठवायचं?

खडकीला जरूर जा. सगळे गोरेच आहेत हे खरं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, आणि त्याच आवारात पूर्व व पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या सुमारे २०० सैनिकांची नावंही आहेत. मात्र हिंदू आणि शीख जवानांचं दहन व्हायचं, त्यामुळे आपला माणूस कबरींमध्ये शोधू नका. तो कुठल्या तरी स्मारकावरच्या नावांच्या यादीत असतो. हे मला फार उशिरा कळलं, तोवर आमची मोठी आजी गेली होती.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आष्टीजवळ. माझे आजोबा आबाजी, त्यांचे थोरले भाऊ १९४१ साली पलटणीत गेले. घरी दोन एकर कोरडवाहू आणि खाणारी सात तोंडं. १९४४ मध्ये इंफाळला दवाखान्यात वारले, एवढंच घरी कळलं. त्यांची बायको, म्हणजे मोठी आजी, तेव्हा एकोणीस वर्षांची. मयत पाहिली नाही, राख आली नाही, म्हणून तिनं कुंकू पुसलं नाही. रोज सकाळी करंड्यातलं मेण बोटाच्या टोकानं कपाळावर लावायची आणि त्यावर कुंकू टेकवायची. बाया मागून बोलायच्या. लग्नकार्यात तिला बाजूला बसवायचे. साठ वर्षं तिनं हे सोसलं.

२०१९ मध्ये मी इंफाळला गेलो. त्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, साइटवर नाव शोधलं. आडनाव टाकून काहीच आलं नाही. नुसतं नाव, तेही इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहून पाहिल्यावर सापडलं. पुढे आमच्या गावाचं नाव, ओळखू येणार नाही असं लिहिलेलं. इंफाळला दोन सिमेट्री आहेत. रिक्षावाल्यानं आधी दुसऱ्याच ठिकाणी नेलं. आपल्याला इंडियन आर्मीची पाहिजे हे त्याला नीट सांगा. दहन झालेल्या ८६८ जणांचं स्मारक तिथे आहे.

मी एकेका ओळीवर बोट ठेवत गेलो. नाव दिसल्यावर आजीचा करंडा त्याच्याखाली ठेवला. आत बोटाचा खड्डा पडलेलं मेण तसंच होतं. अर्धा तास बसलो आणि करंडा परत खिशात घालून निघालो. तिच्या हयातीत हे झालं असतं तर बायांची तोंडं बंद झाली असती, हे अजून डोक्यातून जात नाही.

घरी येऊन फोटो दाखवला तर काका म्हणाले, "इंग्रजायसाठी मेला तो. त्याचं काय मिरवतं?" १९४२ च्या १६ ऑगस्टला आष्टीत लोक पोलिसांच्या गोळ्या झेलत होते आणि आमचा माणूस सरकारी पगारावर होता, हे त्यांचं म्हणणं. वरून, इंफाळला समोर आझाद हिंद सेना होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण दोन एकरात घर चाललं असतं तर ते गेले असते का? त्या युद्धात पंचवीस लाखांवर भारतीय होते, सुमारे ८७ हजार मेले. ते सगळे काय इंग्रजांच्या प्रेमापोटी गेले? आष्टीचे हुतात्मे मोठेच. त्यांच्या रांगेत मोठ्या आजोबांना बसवा असं मी म्हटलंच नव्हतं. गावच्या शाळेच्या भिंतीवर फक्त एक ओळ मागितली होती. काकांनी ग्रामसभेत उठून विरोध केला आणि विषय बारगळला.

म्हणून तुम्हाला सांगतो, खडकीला जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आपल्यातलं कोणी पलटणीत गेलं होतं का. कोणीच निघालं नाही तरी जा आणि दगडांवरची वयं वाचा. वीस, एकवीस, बावीस.

एक राहिलं. इंफाळला जायचं तर जानेवारी २०२० पासून इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा सरकारी परवाना, लागतं, आणि मे २०२३ पासून मणिपूरची परिस्थिती बिघडलेली आहे, तेव्हा तिथल्या कोणाला तरी विचारूनच निघा. माझ्यासारखं एकट्यानं तर जाऊच नका.

येत्या ग्रामसभेत मी पुन्हा अर्ज देणार आहे. काका समोरच्या ओटीवर बसतात, त्यांना आधीच सांगून ठेवलंय.