आबांची वही आणि घरातला नियम

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलीला दहावीला ८१ टक्के मिळाले, अकरावीत बायोलॉजी आहे. नीटसाठी कोटाला पाठवायचं ठरवलंय. पण ती रोज संध्याकाळी माझ्या वडिलांपाशी बसते. आठ महिन्यांपूर्वी त्यांना लकवा झाला, तेव्हापासून बोलणं गेलंय. ती त्यांना चित्रं दाखवून काहीबाही विचारते आणि वहीत लिहिते (पानाचा फोटो सोबत). म्हणते, मेंदूला भाषा कशी कळते ते शिकायचंय. घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्लिश, यानं तिचा गोंधळ होतो, म्हणून दोन महिन्यांपासून घरात फक्त इंग्लिश बोलायचं असा नियम केलाय. तिला समजावा.

उत्तर : कोटाचं नंतर बोलू. आधी तो नियम आजच मागे घ्या. वाचा गेलेला माणूस जे शब्द हाताशी उरलेत ते चाचपडतोय, ते मराठीतले आहेत, आणि त्याच्या कानावर पडणारी मराठीच तुम्ही बंद केलीत. पत्र वाचताना मला मार्कांची नाही, याची काळजी वाटली.

दुसरं म्हणजे, अख्ख्या पत्रात स्पीच थेरपिस्टचं नावच नाही. आठ महिने झाले म्हणजे वेळ गेली असं समजू नका, सुधारणा पुढेही होत राहते. न्यूरॉलॉजिस्टना या आठवड्यातच विचारा.

आता ती वही. फोटोतलं पान मी तीनदा वाचलं. आबांनी योग्य चित्रावर बोट ठेवलं की टिक, नाहीतर फुली. 'बाबांनी चहा घेतला', टिक. 'दादाने बाळाला हाक मारली', टिक. 'दादाला बाळाने हाक मारली', ओळीनं तीन फुल्या. खाली तिच्या अक्षरात : 'आबांना शब्द कळतात, ने-ला निसटतं.' चहा काही बाबांना घेत नाही, त्यामुळे ते वाक्य नुसत्या अर्थावरून उलगडतं. दादा आणि बाळ दोघंही हाक मारू शकतात, तिथे प्रत्ययच कामाला येतो. ब्रोका प्रकारच्या वाचाघातात, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं अडखळतं पण शब्द बरेचसे कळतात त्या आजारात, नेमका असाच फरक पडतो, हे करमाझा आणि झुरिफ या संशोधकांनी १९७६ साली दाखवलं. तुमची लेक कोणी न शिकवता तिथवर पोचली आहे. याला वेळ घालवणं म्हणायचं का?

तीन भाषांनी गोंधळ होतो हा समज पुष्कळ घरांत आहे, आणि तो चुकीचा आहे. 'टेबलावर ठेव', 'मी कॉल केला' म्हणताना शब्द इंग्लिश असतो, पण प्रत्यय आणि क्रियापद मराठीच. 'ऑन टेबल ठेव' असं तुमच्या घरात कोणी म्हणतं का? म्हणजे मिसळण्यालाही व्याकरण आहे आणि मेंदू ते काटेकोर पाळतो. 'पोह्यांवर शेव आणि चप्पल भुरभुरली' असं कानावर आलं की 'चप्पल'पाशी साधारण ४०० मिलिसेकंदांत मेंदूच्या विद्युतलहरीत खूण उमटते. ही लहर १९८०मध्ये कुटास आणि हिलियार्ड या संशोधकांनी शोधली. 'आजीने भाकरी केला'सारखी व्याकरणाची चूक असेल तर बहुधा वेगळी लहर येते, ६०० मिलिसेकंदांच्या आसपास. आणि हैदराबादेत पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात झटक्यानंतर बुद्धी शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकभाषिकांपेक्षा द्विभाषिकांत दुपटीच्या घरात होतं. वाचा जाण्याच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता, हेही सांगायला हवं.

वाटा सांगते. नीट द्यायची तर तिनं स्वतःहून द्यावी. बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी हा ऐकणं-बोलणं यांच्या उपचाराचा, इंटर्नशिपसह चार वर्षांचा पदवी कोर्स आहे. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था (स्थापना १९६५) आणि मुंबईची अली यावर जंग संस्था या जुन्या जागा. संशोधनच करायचं असेल तर पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान किंवा गांधीनगरच्या आयआयटीत कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन आणि मेंदू कसे चालतात त्याचा अभ्यास. अकरावीचं बायोलॉजी यांतल्या कुठल्याच वाटेवर वाया जाणार नाही.

तिला विचारा, आबांना आरती म्हणता येते का. बोलता न येणाऱ्या पुष्कळांना पाठ झालेलं, सुरातलं म्हणता येतं. सुराच्या आधाराने बोलतं करण्याची उपचारपद्धती १९७३ पासून वापरात आहे. थेरपिस्टकडे जाल तेव्हा लेकीला सोबत न्या, आणि वही तिच्याच हातात असू द्या.