पेट्रोलवरचा जनरेटर पावसाळाभर बंद राहणार असेल, तर टाकीत पेट्रोल ठेवावे का?

नाही, टाकी आणि कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणारा भाग) दोन्ही रिकामे करूनच जनरेटर ठेवावा. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषते. जून ते सप्टेंबर वावरातल्या कोठ्यात पडून राहिलेल्या यंत्रात पेट्रोल शिळे होऊन कार्बोरेटरच्या वाटीत पिवळसर चिकट थर धरते, आणि जेटचे, म्हणजे पेट्रोल ज्यातून इंजिनकडे जाते त्या तोटीचे, छिद्र सुईच्या टोकाएवढे बारीक असल्याने तेवढ्यानेही ते बुजते. दुरुस्तीला माझ्याकडे येणारे बहुतेक बंद जनरेटर याच कारणाने बंद असतात. इंजिन थंड असताना, उघड्यावर आणि जवळपास कोणी विडी पेटवलेली नाही हे पाहून टाकी उपसावी, वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढावेत, मग इंजिनचा स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, दोरी दोन-तीनदा हळू ओढून ते आत पसरवावे आणि प्लग परत बसवावा. काढलेले पेट्रोल घरात साठवू नये.

मात्र महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे लोड देऊन, म्हणजे दिवे-पंख्यांसारखी उपकरणे जोडून, जनरेटर चालवणार असाल, तर टाकी रिकामी करण्याची गरज नाही; फक्त पाऊस आहे म्हणून तो कोठ्यात किंवा ओसरीवर कधीही चालवू नका, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दार उघडे असले तरी माणूस दगावू शकतो. पाऊस उघडण्याची वाट पाहा आणि घरापासून किमान वीस फूट दूर, धूर घराकडे येणार नाही अशा बेताने तो ठेवा.