चार हजारांचा गेम आणि साठ हजारांची पॉलिसी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी २७ वर्षांचा, मूळचा जिंतूर तालुक्यातला. वाळूज एमआयडीसीत नोकरी, हातात ३४,००० येतात. रूम आणि मेस ११,०००, घरी ८,०००, पेट्रोल-मोबाईल ४,०००. मला 'बॅटलफिल्ड ६' हा युद्धाचा गेम घ्यायचा आहे, किंमत चार हजारांच्या घरात. कॉलेजचे तीन मित्र रोज रात्री खेळतात. माझ्या लॅपटॉपला जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम आहे. मित्र म्हणतो, रॅम वाढवली की चालेल. आबा म्हणतात, एका क्विंटल सोयाबीनचे पैसे खेळण्यात घालतोस. पैशाची तशी अडचण नाही. ४०,००० ची एफडी आहे, ती मोडायची नाही. शिवाय आयुर्विम्याची पॉलिसी चालू आहे: वर्षाला ६०,००० असे दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १२ लाख नक्की. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोयाबीनच्या पैशांची एफडी करायला बँकेत गेलो होतो, तिथल्या साहेबांनी ही स्कीम भारी आहे म्हणून सांगितलं. यंदा पुरात पीक गेलं, म्हणून दुसरा हप्ता क्रेडिट कार्डावर भरला. कार्डाचं मिनिमम ३,२०० न चुकता भरतो. गेम आत्ता घेऊ की सेलची वाट पाहू? कार्डावर घेतला तर चालेल ना?

उत्तर:

गेमचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे.

आबांचं क्विंटलचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. महिन्याला ८,००० घरी पाठवणाऱ्या मुलाने वर्षाकाठी चार हजार स्वतःच्या विरंगुळ्यावर खर्च केले तर त्यात गैर काही नाही. आठवड्याला चार तास खेळलात तरी वर्षाचे दोनशे तास होतात, म्हणजे तासाला वीस रुपये. संभाजीनगरच्या मल्टिप्लेक्समध्ये अडीचशेचं तिकीट काढून अडीच तास बसलात तर तासाला शंभर पडतात. दूर गेलेले मित्र रोज भेटतात, ते वेगळंच. किमतीच्या मानाने गेम महाग नाही.

पण तो तुमच्या लॅपटॉपवर नीट चालण्याची शक्यता कमी आहे. या गेमसाठी कंपनीने सांगितलेली किमान गरज आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे. तुमचं ग्राफिक्स कार्ड त्याच्या बरंच खाली येतं, आणि लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड बदलून मिळत नाही. रॅम वाढवा म्हणणाऱ्या मित्राने अर्धीच गोष्ट सांगितली, आणि सध्या रॅमही महागली आहे. म्हणजे तुम्ही चार हजारांचा गेम बघताय, पण त्याच्या मागे सत्तर-ऐंशी हजारांचा लॅपटॉप उभा आहे. तो हप्त्यावर घ्यायचा विचार मनात आला असेल तर आजच काढून टाका.

एक बिनखर्चाचा उपाय आहे. याच गेमचा 'रेडसेक' नावाचा फुकट भाग २८ ऑक्टोबर २०२५ पासून मिळतो. तो उतरवून बघा. तो अडकत चालला तर मोठा गेमही तसाच चालेल. तो नीट चालला तर मित्रांना त्यातच बोलवा. पुढे कधी विकत घ्यायची वेळ आलीच तर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घ्या: खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. नवा कोरा शूटर, म्हणजे असा गोळीबाराचा गेम, पहिल्याच आठवड्यात घेण्याची घाईही कधी करू नका. हे गेम सर्व्हर चालू असेपर्यंतच जगतात. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' ४० डॉलरला २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. सगळ्यांचे पैसे परत दिले गेले, पण दर वेळी तसं होईल असं धरून चालू नये. स्टीमचा मोठा उन्हाळी सेल जूनअखेरीस असतो. तोवर थांबा.

आणि कार्डावर तर मुळीच घेऊ नका. कार्डावर मागची बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, गेमवर पहिल्या दिवसापासून व्याज लागेल. बहुतेक लोकांना हे माहीत नसतं. तुम्हालाही नसावं, कारण "मिनिमम न चुकता भरतो" हे तुम्ही शिस्तीची गोष्ट म्हणून लिहिलं आहे.

आता त्या शिस्तीचा हिशेब बघा. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के धरू. साठ हजारांवर २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २,५०० च्या आसपास. तुम्ही ३,२०० भरता, मुद्दलातून सातशे जातात. दर दीड-दोन महिन्यांनी एका गेमचे पैसे नुसत्या व्याजात चालले आहेत आणि हातात काही येत नाही.

दुसरीकडे ४०,००० ची एफडी तुम्ही जपून ठेवली आहे. तिचं व्याज महिन्याला दोनशेच्या थोडं वर. तेवढ्याच रकमेवर कार्डवाले महिन्याला १,६०० हून जास्त घेतात. एफडी आजच मोडा, दंड काही शेकड्यांत जाईल. उरतात वीस हजार. तुमच्याच आकड्यांप्रमाणे खर्च वजा जाता महिन्याला अकरा हजार शिल्लक राहायला हवेत. त्यातले दहा कार्डाला द्या, अडीच महिन्यांत कार्ड शून्य. अडीअडचणीचं काय, असं विचाराल. या अडीच महिन्यांत खरंच काही उद्भवलं तर मोकळी झालेली कार्डाची मर्यादा हाताशी आहे. कार्ड फिटलं की तेच दहा हजार दरमहा बाजूला टाका, आणीबाणीचा पैसा चार महिन्यांत परत उभा राहतो.

आता ती पॉलिसी. तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग ओळ हीच आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

दहा वर्षांत सहा लाख भरायचे, विसाव्या वर्षी बारा लाख मिळायचे. ऐकायला दुप्पट वाटतं. पण तुमचा एकेक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं त्यांच्याकडे पडून राहणार आहे. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के आणि वर थोडंसं. तुम्ही ज्या एफडीसाठी बँकेत गेला होतात तीसुद्धा याहून जास्त देत होती. हेच साठ हजार दहा वर्षं पोस्टात पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या भविष्य निर्वाह निधी खात्यात, भरले आणि मुदत वाढवून वीस वर्षं ठेवले, तर आजच्या ७.१ टक्के दराने साडेसतरा लाखांच्या आसपास होतात. साडेपाच लाखांचा फरक आहे. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं, पण एवढी दरी भरून यायला तो फारच खाली यावा लागेल.

विम्याचं म्हणाल तर अशा पॉलिसीत संरक्षण बहुधा हप्त्याच्या दहापट असतं, म्हणजे सहा लाख. आईवडील तुमच्या पगारावर टेकलेले असताना सहा लाखांत काय होणार? तुमच्या वयाला पन्नास लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वर्षाला सात-आठ हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही राहिलेला नाही. टॅक्स वाचतो असं साहेबांनी सांगितलं असेल तर तेही सोडा. नव्या करपद्धतीत तुमच्या पगारावर आयकर लागतच नाही.

मला राग याचा येतो की हे पैसे सोयाबीनचे होते. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, तरी बाजारात चार-साडेचार हजारांच्या आसपासच भाव मिळाला. चार हजारांच्या भावाने साठ हजार म्हणजे पंधरा क्विंटल. एक क्विंटल गेममध्ये जाईल म्हणून घरात बोलणं झालं, पण दरवर्षी पंधरा क्विंटल मागणाऱ्या कागदावर सह्या होताना तो कागद कोणी वाचून दाखवला नाही. ज्याचं उत्पन्न पावसावर आहे त्या घराला दहा वर्षांचा बांधील हप्ता विकणं हे माझ्या मते सरळ फसवणूक आहे. यात आबांची चूक नाही आणि तुमचीही फारशी नाही. बँकेच्या खुर्चीत बसलेला माणूस बँकेचीच स्कीम सांगतोय असं कोणालाही वाटतं.

"आधीचे बुडू नयेत" म्हणून पुढचे भरत राहणं मात्र आता थांबवा. दोन हप्त्यांचे १,२०,००० गेलेले धरा आणि उरलेल्या आठ हप्त्यांचाच विचार करा. पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढे न भरता तशीच ठेवली, तर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात शेवटी सव्वादोन-अडीच लाख मिळतील असं धरू. नेमका आकडा पॉलिसीच्या कागदात असतो. मग उरलेले ४,८०,००० भरून जास्तीचे मिळतात साडेनऊ-पावणेदहा लाख. त्याचा परतावा जेमतेम पाच टक्के. पुढे भरण्यातही फायदा नाही.

हातातले दोन मार्ग म्हणजे सरेंडर, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद करून मिळतील ते पैसे घेणं, किंवा पेड-अप. तुमची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची असेल तर नव्या नियमाने एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावरही काही सरेंडर रक्कम मिळते. विमा कंपनीला ईमेल करून दोन्ही आकडे लेखी मागा. फोनवर विचारू नका, फोनवर तुम्हाला "अजून थोडं थांबा" एवढंच ऐकायला मिळेल.

त्याच ईमेलमध्ये प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाची, प्रत मागा. त्यात तुमचं उत्पन्न किती लिहिलं आहे, उद्देश काय लिहिला आहे, ते शब्द न् शब्द वाचा. अशा फॉर्ममध्ये उत्पन्न फुगवून लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. तसं असेल तर तुमची तक्रार बरीच भक्कम होते. एफडी करायला गेलो तर पॉलिसी दिली, अशी लेखी तक्रार आधी विमा कंपनीकडे आणि बँकेच्या शाखेकडे करा. त्यानंतर विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मराठवाड्यासाठी ते पुण्याचं कार्यालय आहे. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. कागद मिळाल्यापासून पॉलिसी परत करण्याची मुदत तीस दिवसांची होती, ती कधीच गेली. त्यामुळे पूर्ण रक्कम परत मिळेलच असं मी म्हणत नाही, पण प्रयत्न न करता सोडण्याएवढी ती लहान नाही.

टर्म विमा मात्र सरेंडरच्या आधी घ्या, नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनी सोडा. तोवर बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा सुरू करा: वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं संरक्षण.

पुढचा हप्ता नोव्हेंबरमध्ये येईल, त्याआधी हे सगळं व्हायला हवं. कंपनीचं उत्तर आलं की सरेंडर आणि पेड-अप हे दोन्ही आकडे आणि प्रपोजल फॉर्मची प्रत मला पाठवा. दोन्हींपैकी काय निवडायचं ते आकडे समोर ठेवूनच सांगता येईल.